लळा

वाळूवर पालथी घातलेली टोपली त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि तो दोन पावलं मागे सरकला. टोपलीखाली ओले चिंचोके ओतून ठेवावेत तसा काळपट ढीग होता. क्षणभर तो तसाच राहिला. मग त्यातला एक चिंचोका हलला, त्यानं मान वर काढली, आणि बघता बघता सगळा ढीग चालायला लागला.

वेळासचा किनारा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातला. सकाळचे सात वाजत आले होते. बांधलेल्या दोरीच्या अलीकडे आम्ही पंचवीस-तीस माणसं उभी होतो आणि पलीकडे ऑलिव्ह रिडले कासवाची नुकती जन्मलेली पिल्लं समुद्राकडे निघाली होती. जेमतेम चार सेंटिमीटरचा जीव. पुढचे दोन्ही वल्ह्यांसारखे पाय आळीपाळीनं टाकत ते सरकतं, आणि मागे सुईनं कच्ची शिलाई घालावी तशी बारीक रेघ उमटत जाते. कुणाच्या तरी पावलाचा ठसा आडवा आला की त्याच्यासाठी ती विहीरच. आत पडतं, धडपडतं, दमतं, थांबतं, पुन्हा धडपडतं. म्हणून त्या माणसानं आधीच सगळी पुळण फळीनं सपाट करून ठेवली होती. इतकं करून पाण्याच्या कडेला पोचलेल्या पिल्लाला पहिली लाट उचलते आणि पाच हात मागे उलटं आणून टाकते. ते सरळ होतं आणि पुन्हा निघतं.

माझ्या शेजारी आईचा हात धरून उभ्या असलेल्या मुलीला ते सहन होईना. ‘त्याला उचलून पाण्यात ठेवा ना,’ ती रडवेली होऊन म्हणाली. टोपलीवाला हसला. ‘नको बाळा, चालू दे त्याला.’ पिल्लाच्या या पहिल्यावहिल्या चालण्यात किनाऱ्याची ओळख त्याच्या अंगात मुरते, असं मानलं जातं. मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं जातात. मग अंडी घालायला ती किनाऱ्यावर येते, तेव्हा हीच ओळख तिला वाट दाखवत असावी.

आम्ही सगळे पिल्लांकडे बघत होतो. मी मधेच त्या माणसाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. शेवटचं पिल्लू फेसात दिसेनासं झाल्यावर त्यानं खिशातून वही काढली, पेन्सिलीनं आकडा लिहिला, तारीख घातली. मी जवळ जाऊन विचारलं, ‘किती होती?’

‘बासष्ट.’

‘यातली जगतील किती?’

‘हजारात एखादं जगतं, असं सांगतात ताई. पण मोजायचं सगळ्यांना.’

सगळ्यांना. ‘सगळी मोजायची’ असं तो म्हणाला नाही. घरातल्या पोरांबद्दल बोलताना आपण जो प्रत्यय लावतो तो त्यानं सहज लावला होता, आणि आपण काही वेगळं बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या एका प्रत्ययानं मला पुढची कितीतरी वर्षं विचार करायला लावलं.

‘निसर्गप्रेम’ हा शब्द मला कधीच पुरेसा वाटला नाही. तो सुट्टीच्या दिवशीचा शब्द आहे. सूर्यास्त पाहावा, धबधब्याखाली भिजावं, वाघ दिसला तर अंगावर काटा यावा. हे सगळं खरं असतं, त्यात खोट काही नाही. पण त्यासाठी कुणी रात्री तीन वाजता उठून भरतीच्या रेषेवरून पाच किलोमीटर चालत नाही. आपल्या भाषेत त्यासाठी दुसरा शब्द आहे, लळा. प्रेम ‘करता’ येतं, लळा ‘लागतो’. ठरवून लागत नाही, सांगून लागत नाही. वासराला पाणी पाजणाऱ्याला लागतो, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याला लागतो. आधी हात गुंततात, मग जीव गुंततो. गावंच्या गावं एखाद्या प्राण्याच्या पाठीशी उभी राहतात, तिथे मला प्रेमापेक्षा हा लळाच जास्त दिसत आला आहे.

त्याचा अनुभव मला घरातच आला होता. गॅलरीतल्या वेलीत एकदा बुलबुलाच्या जोडीनं वाटीएवढं घरटं बांधलं. मला तेव्हा पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं, फार आवड होती असंही नाही. गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची तीन अंडी दिसली, म्हणून त्या बाजूला कपडे वाळत घालायचं थांबवलं, एवढंच. मग वेलीला पाणी घालायची वेळ मादी उडून जाण्याच्या वेळेशी जुळवली. मग मांजर फिरकू नये म्हणून खिडकीशी बसून काम करायला लागले. एके रात्री वारा सुटला तेव्हा उठून, अंधारात चाचपडत, घरट्याच्या वरच्या बाजूला एक जाड कापड बांधलं. सकाळी मादी त्याच्याखाली तशीच बसलेली होती, डोळा माझ्यावर रोखून. दोन पिल्लं उडाली. तिसरं एक दिवस घरट्यात नव्हतं, त्याचं काय झालं कळलं नाही, आणि त्या दिवशी मी जेवले नाही. पुढे काही महिन्यांनी समोरचं झाड तोडायची चर्चा निघाली, तेव्हा सगळ्यांत आधी मी उठून बोलले. याआधी ते नुसतं झाड होतं. आता ती उडून गेलेली दोघं पहिल्यांदा ज्या फांदीवर टेकली, ती फांदी मला ओळखू येत होती.

एका माणसाला लळा लागणं समजू शकतं. एका गावाला तो कसा लागतो? गावात हजार मतं असतात, भाऊबंदकी असते, कर्जं असतात, रोजचं पोट असतं. तिथे एक कासव सगळ्यांचं कसं होतं?

वेळासची गोष्ट २००२ साली सुरू झाली तीही कासवांसाठी नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची मंडळी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची पाहणी करत किनाऱ्यानं फिरत होती. त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. चौकशी करता कळलं की मादी येऊन अंडी घालून जाते आणि ती बहुतेक वेळा माणसंच काढून नेतात. उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरतात. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाशी बोलायला सुरुवात केली. एक गोष्ट त्यांच्या बाजूनं होती. वाळूवरची खूण वाचणारी नजर गावातच होती. मादी कुठून वर आली, कुठे बसली, कुठे नुसतीच फिरून परत गेली, हे ज्याला कळतं तोच अंडी काढू शकतो, आणि वाचवूही तोच शकतो.

त्या कामाचं स्वरूप जवळून पाहिलं की लळा कुठून येतो ते कळतं. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. पहाटे किनारा पालथा घालायचा. ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की त्याच्या टोकाशी हलक्या हातानं वाळू चाचपायची. मादीनं मागच्या पायांनी मडक्याच्या आकाराचा, हातभर खोल खड्डा खणलेला असतो. तोंड अरुंद, पोट रुंद. त्यात शंभराच्या आसपास पांढरी, मऊ कवचाची अंडी. ती घालून झाल्यावर मादी स्वतःच्या अंगानं आपटून आपटून वाळू दाबते, आणि पुन्हा कधीच मागे वळून येत नाही. अंडी उचलायची ती गोल न फिरवता, होती त्याच स्थितीत. कुंपण घातलेल्या जागेत तितकाच खोल, त्याच आकाराचा खड्डा हातानं करायचा, त्यात ती ठेवायची. पाटीवर तारीख लिहायची, अंड्यांची संख्या लिहायची. मग पंचेचाळीस ते साठ दिवस वाट बघायची. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालायची आणि दिवसातून कितीतरी वेळा ती उचलून बघायची.

जो माणूस साठ दिवस तारखा मोजतो, टोपली उचलून बघतो, त्याला आणखी वेगळं प्रेम शिकवावं लागत नाही.

२००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. लोक पिल्लं बघायला यायला लागले आणि गावातल्या घरांतच उतरायला लागले. कासवामुळे चार पैसे घरात येऊ लागले. याबद्दल नाक मुरडणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्या मते पैसा आला की भावना गढूळ होते. मला हे अजिबात पटत नाही. गायीचं दूध विकणाऱ्याचा गायीवर जीव नसतो असं कुणी म्हणेल का? ज्याच्या घरात रात्री चूल पेटायची खात्री नाही, त्याच्याकडून निर्मळ, निरपेक्ष प्रेमाची अपेक्षा करणं हा क्रूरपणा आहे. तो आपण, ज्यांची पोटं भरलेली आहेत, फार सहज करतो.

नागालँडच्या पांगती गावाची गोष्ट म्हणूनच मला अस्वस्थ करते आणि तितकाच धीरही देते. अमूर ससाणा हा कबुतरापेक्षाही लहान शिकारी पक्षी. सायबेरिया आणि उत्तर चीनमधून निघतो आणि हिवाळा काढायला थेट आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयाजवळ लाखोंच्या संख्येनं उतरतो, पंख फुटलेली वाळवी खाऊन अंगात बळ साठवतो आणि मग भारताचं पठार आणि अरबी समुद्र ओलांडतो. हा समुद्र तो न थांबता पार करतो. २०१२ च्या हंगामात याच जलाशयाकाठी मासेमारीच्या जाळ्यांत हे पक्षी पकडले गेले. त्या एका हंगामात सुमारे एक लाख वीस ते एक लाख चाळीस हजार मारले गेल्याचा अंदाज होता. जाळ्यात लटकणाऱ्या, पंख मोडलेल्या ससाण्यांची चित्रं जगभर गेली आणि जगभरातून संताप उसळला.

संतापणं सोपं होतं. मीही संतापले होते. पण दोयांगवर धरण झालं तेव्हा याच लोकांच्या चांगल्या जमिनी पाण्याखाली गेल्या होत्या. मग मासेमारी आली, मासेमारीबरोबर जाळी आली, आणि एके वर्षी आभाळातून न मागता उत्पन्न उतरायला लागलं. त्यांच्या दृष्टीनं तो मोसमी पीक काढण्यासारखाच प्रकार होता. तिथे जाऊन ‘तुम्ही पापी आहात’ म्हणणाऱ्याला गावानं दारातही उभं केलं नसतं. ज्यांनी ही शिकार थांबवण्याचं काम केलं त्यांनी ग्रामपरिषदेशी, चर्चशी, शाळेतल्या मुलांशी बोलणं चालू ठेवलं. हा पक्षी कुठून येतो, कुठे जातो, तुमचा जलाशय त्याच्या हजारो मैलांच्या प्रवासातला केवढा महत्त्वाचा मुक्काम आहे, हे सांगितलं. गावांनी स्वतः ठराव केले, दंड ठरवले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, दोयांगला एकही ससाणा जाळ्यात मारला गेला नाही.

एका वर्षात. मला आजही हे वाचताना गहिवरून येतं. त्याच वर्षी तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रं बसवली, आणि त्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. आपल्या गावाचं नाव पाठीवर घेऊन एक पक्षी समुद्र ओलांडतोय, तो आज सोमालियात पोचला, आज आणखी दक्षिणेला, ही बातमी पांगतीत ऐकली जात असेल तेव्हा त्या घरांमध्ये काय झालं असेल, याची मी अनेकदा कल्पना करते. परगावी गेलेल्या पोराची खुशाली कळावी तसंच ना?

नाव देणं, नातं सांगणं यात फार मोठी ताकद आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर हे सगळ्यांत सुंदर घडलं. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यांत मोठा मासा. नावात शार्क असला तरी सूक्ष्म प्लवक आणि बारीकसारीक जीव गाळून खाणारा, संथ, निरुपद्रवी. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला त्याची मोठी शिकार व्हायची. यकृताचं तेल होड्यांना लावायला, मांस आणि पर निर्यातीला. २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत घातलं गेलं. हा मान मिळालेला भारतातला हा पहिला मासा. पण भर समुद्रात कायद्याचा कागद कोण दाखवणार? २००४ च्या सुमारास तिथे मोहीम सुरू झाली आणि कथाकार मोरारीबापूंनी एक साधी गोष्ट सांगितली. हा मासा आपल्या किनाऱ्याला येतो म्हणजे लेक माहेरी येते. लेकीला कुणी मारतं का? माशाला नाव मिळालं ‘वहाली’, म्हणजे लाडकी.

माहेरवाशीण म्हटल्यावर आणखी काय समजावून सांगायचं? आपल्याकडेही त्या एका शब्दाला घराचे सगळे दरवाजे उघडतात. कोळ्यांनी जाळ्यात अडकलेल्या वहालीला सोडवण्यासाठी स्वतःची जाळी कापायला सुरुवात केली. जाळं म्हणजे कोळ्याची कमाई असते, कधी कर्ज काढून घेतलेली. ते सुरीनं कापायचं. ही गोष्ट मी कितीही वेळा स्वतःशी सांगितली तरी मला साधी वाटत नाही. गुजरात सरकारनं कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची सोय केली. सुरुवातीला अधिकारी येऊन पाहीपर्यंत मासा तसाच अडकून राहायचा. मग कोळ्यांच्याच हाती कॅमेरे दिले. तुम्हीच सोडा, तुम्हीच फोटो काढा, आम्ही मानतो. आजवर नऊशेहून जास्त व्हेल शार्क असे सोडले गेले आहेत. लेक म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवला गेला, हा या गोष्टीतला मला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. नुसत्या नात्यावर जाळी किती वेळा कापली गेली असती, आणि नुसत्या भरपाईवर भर समुद्रात, कुणी बघत नसताना, किती वेळा?

पण कासवाचं पिल्लू गोजिरवाणं आहे, ससाणा देखणा आहे, व्हेल शार्कच्या पाठीवर चांदण्या आहेत. जे दिसायला सुंदर नाही त्याचं काय?

आसाममधला हरगिला हा पाच फूट उंच करकोचा. डोकं जवळजवळ टकलं, गळ्याखाली लोंबणारी पिशवी, खाणं मेलेली जनावरं आणि उकिरड्यावरचं. नावाचा अर्थच हाडं गिळणारा. गावातल्या उंच झाडांवर घरटी करतो, खाली विष्ठा, सडके तुकडे, हाडं पडतात, अंगणात वास सुटतो. लोक त्याला अपशकुनी मानायचे आणि झाडंच तोडून टाकायचे. २००७ मध्ये जीवशास्त्रज्ञ पूर्णिमा देवी बर्मन कामरूप जिल्ह्यातल्या गावात गेल्या, तेव्हा एकानं आपल्या अंगणातलं झाड घरट्यांसकट पाडलं होतं. पिल्लं जमिनीवर पडली होती. त्या बोलायला गेल्या तर लोकांनी त्यांचीच टर उडवली. त्यांच्या लहान मुली तेव्हा घरी होत्या. पडलेली पिल्लं बघून त्यांना त्या आठवल्या, हे त्यांनी पुढे सांगितलं आहे. हातातला प्रबंध बाजूला ठेवून त्या गावातल्या बायकांकडे वळल्या.

त्या बायकांनी जे केलं ते कुठल्याही अहवालात सुचलं नसतं. घरट्यांत अंडी घालायचा हंगाम आला की त्यांनी हरगिलाचं डोहाळजेवण केलं. घरातल्या लेकीसुनेचं करतात तसं, गाणी म्हणून, साग्रसंगीत. मागांवर हरगिलाची नक्षी विणली, ती वस्त्रं विकली. झाडांखाली जाळी बांधली, पडलेलं पिल्लू झेलता यावं म्हणून. आज ‘हरगिला आर्मी’ म्हणवणाऱ्या या बायका दहा हजारांच्या वर आहेत. त्या परिसरात एके काळी २८ घरटी मोजली गेली होती, ती अडीचशेच्या वर गेली. २०२३ मध्ये या पक्ष्याचं नाव जागतिक यादीतल्या ‘धोक्यात’ या वर्गातून ‘धोक्याच्या जवळ’ या वर्गात आलं.

मला वाटतं, गरोदर बाईचे लाड करताना कुणी तिचं रूप बघत नाही, तसं हरगिलालाही सौंदर्य लागलं नाही. त्या बायकांनी त्याच्याकडे पाहिलं ते आई होणारी म्हणून. वास तोच होता, हाडंही तशीच पडत होती. अंगण मात्र बाळंतिणीच्या खोलीसारखं झालं, आणि तिथला वास घरचे कुणी मनावर घेत नाहीत.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा टोचत राहते. लळा लागायला जवळ राहू द्यावं लागतं. जगभर कितीतरी ठिकाणी उलट घडलं. प्राणी वाचवायचे म्हणून माणसांना उठवलं, जंगल त्यांचं राहिलं नाही असं सांगितलं, सरपणाची मोळी आणणारी बाई चोर ठरली. अशा गावात वाघ हा सरकारचा होतो, आणि सरकारच्या वाघाचा लळा कुणाला लागणार? नामिबियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ आणि शिकारीनं वायव्येकडचे गेंडे आणि हत्ती संपत आले होते. तेव्हा तिथल्या गावमुख्यांनी आपल्यातलीच माणसं राखणदार म्हणून नेमली. त्यांत माग काढण्यात मुरलेले जुने शिकारीही होते. १९९६ मध्ये कायदा बदलला आणि आपल्या भूमीवरच्या वन्यजीवांची व्यवस्था पाहण्याचा, त्यातून उत्पन्न घेण्याचा हक्क गावसमूहांना मिळाला. १९९८ मध्ये पहिले चार समूह नोंदले गेले, आज ते ऐंशीच्या वर आहेत. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगलाबरोबर वन्यजीव राखण्याचाही अधिकार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. मला त्या ‘आम्हीच’मध्ये अधिकाराइतकीच जबाबदारी ऐकू येते. जे आपलं असतं त्याच्यासाठीच माणूस रात्री उठतो.

लळा लागला म्हणजे सगळं साधलं असंही नाही. लळा लाडावतो, चुकतो. वेळासला त्या सकाळी पिल्लं निघाल्यावर एकानं मोबाइलचा उजेड टाकला, आणि तीन पिल्लं लगेच वळून त्या उजेडाकडे यायला लागली. क्षितिजावरच्या उजेडाच्या खुणेनं समुद्र शोधणारा जीव तो. त्या माणसाचंही पिल्लांवर प्रेमच होतं, त्यापोटीच तो एवढ्या लांबून आला होता. राखणदाराला त्याच्यावर आवाज चढवावा लागला. शिवाय वाळू दिवसेंदिवस जास्त तापते आहे. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. ऊब जास्त झाली की माद्या वाढतात, त्याहून जास्त झाली की अंडी आतच मरतात. त्यामुळे घरटं कुठे हलवायचं, किती सावली करायची, हलवायचं की जागेवरच राखायचं, हे प्रश्न आता राखणदाराच्याही पुढ्यात आहेत. आजीच्या मायेला डॉक्टरचं म्हणणं ऐकावं लागतं, तसंच हे.

आणि कासवं अजूनही आपल्याला चुकवतात. २०२२ च्या जानेवारीत पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदा ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं गेलं, ते वेळासला. तिचं नाव प्रथमा ठेवलं. तरी सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट घडली ती २०२५ च्या जानेवारीत. गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली, तिच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो बिल्ला २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. पूर्व किनाऱ्याच्या कासवांचा पश्चिम किनाऱ्याशी संबंध नाही, असा समज होता. ही मादी साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पोहून, भारताला वळसा घालून कोकणात आली. तिचा बिल्ला कुणीतरी ओडिशात लावला आणि कुणीतरी पहाटे पाळत ठेवून गुहागरला वाचला. या दोन अनोळखी माणसांमध्ये काय नातं झालं, त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

त्या दिवशी वेळासला मी संध्याकाळपर्यंत थांबले. सकाळची गर्दी पांगल्यावर राखणदारानं ते घरटं उकरलं. पिल्लं बाहेर आली की घरटं उघडून आतली मोजदाद करायची असते. तो गुडघ्यांवर बसला, दंडापर्यंत हात आत घातला आणि फाटक्या कागदासारखी टरफलं काढून दहा-दहाचे ढीग लावायला लागला. न उबलेली अंडी वेगळी. एकदोन अर्धवट वाढून मेलेली पिल्लं, तीही वेगळी, त्यांनाही वहीत जागा. आणि मग त्याचा हात आतच थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हात अगदी सावकाश बाहेर काढला. तळहातावर वाळूनं माखलेलं एक पिल्लू होतं, मागे राहिलेलं. जिवंत. एक पाय हलत होता.

ऊन चढलं होतं. आता सोडलं तर पाण्यापर्यंत पोचेपर्यंत भाजून निघेल, आणि वर घारी होत्या. त्यानं सावलीतली ओलसर वाळू पाहिली, त्यात ते ठेवलं, वर टोपली पालथी घातली. टोपलीवर एक दगड ठेवला. दुपारभर तो जाळीशी काहीबाही काम करत होता आणि अधूनमधून येऊन टोपलीची कड जराशी उचलून बघत होता.

सहाच्या सुमारास आम्ही दोघं आणि गावातली दोन पोरं एवढेच होतो. दोरी बांधली नव्हती. त्यानं फळीनं एका पिल्लापुरती वाट सपाट केली आणि ते खाली ठेवलं. बराच वेळ ते हललंच नाही. पोरं उकिडवी बसून बघत होती, एकानं दुसऱ्याला गप्प राहायची खूण केली. मग त्यानं मान उचलली. एक वल्हं, मग दुसरं. चार पावलं टाकून थांबायचं, पुन्हा चालायचं. पहिल्या लाटेनं उलटं केलं. दुसरीनं पुन्हा मागे आणलं. तिसरी लाट परत गेली तेव्हा वाळू मोकळी होती.

राखणदारानं वही काढली. बासष्टवर रेघ मारली आणि त्रेसष्ट लिहिलं.